गाठीची जन्मतारीख

मिरजेच्या ब्राह्मणपुरीत अबोला धरणाऱ्या बायका पुष्कळ झाल्या, पण विनया शेवडे यांच्या तोडीचा अबोला कुणाला जमला नाही, हे त्यांचे शत्रूही मान्य करतील. इतरांचे अबोले म्हणजे काय, सकाळी धरला आणि दुपारी किल्ल्या सापडेनात म्हणून सुटला. विनयाबाईंनी एका छपराखाली राहून, एकाच पातेल्यातली आमटी वाढून, नवऱ्याशी अकरा वर्षं शब्द काढला नव्हता. भजनी मंडळातल्या नव्या सुना त्यांच्याकडे सल्ल्याला येत. "पहिला महिना जड जातो," विनयाबाई सांगत, "मग आपल्यालाच शांत वाटायला लागतं."

अबोल्याला तिसरं माणूस लागतं. नाहीतर भाजी आण हे सांगणार कोण? पूर्वी हे काम घरातली मुलं करायची. शेवड्यांच्या घरात एकच मुलगी, ऋचा, आणि ती लग्न होऊन बंगळुरूला गेली. जाताना तिनं घरात एक बोलका यंत्रसाहाय्यक बसवून दिला आणि त्याचं नाव ठेवलं ठकी. तेव्हापासून स्वयंपाकघरात विनयाबाई म्हणत, "ठकी, त्यांना सांग, जेवण वाढलंय," आणि हॉलमधल्या भिंतीतून ठकी म्हणे, "मुकुंदराव, विनयाताई म्हणतात, जेवण वाढलंय." आवाज असा की जणू मुंजीचं आमंत्रण. उत्तरही ठकीच आणी, त्याच लाडिक आवाजात. मुकुंदरावांचा स्वतःचा आवाज विनयाबाईंच्या कानावर क्वचितच पडायचा. तशी त्यांची इच्छाच होती.

कारण त्या आवाजानंच सगळं झालं होतं. मुकुंदराव शेवडे शाळा तपासणारे विस्तार अधिकारी. जन्मभर जिल्ह्यातल्या शाळा पाहत आणि शेरे मारत फिरले. "वर्ग टापटीप, शिक्षक झोपाळू." कचेरीत शेऱ्याला वजन असतं, घरात त्यालाच जीभ म्हणतात. "पोळी गोल, पण मनाविरुद्ध लाटलेली," असं ते ताटावर बसून म्हणत. विनयाबाई सोडून देत, कारण शेरा त्यांच्या स्वतःवर असे. ऋचाच्या लग्नात तो त्यांच्या वडिलांवर गेला.

वडील, म्हणजे दादा, मंगल कार्यालयांत वाढपी होते. खांद्यावर पंचा टाकून जिलबीची परात घेऊन दुसऱ्यांच्या पंगतींतून फिरण्यात आयुष्य गेलेलं. नातीच्या लग्नात ते पहिल्यांदा वरपक्षाच्या पंगतीत, व्याह्यांच्या शेजारच्या पाटावर बसले होते. विनयाबाई वाढत होत्या, व्याह्यांना आग्रह करत होत्या. "विहीणबाई, तुमचा आग्रह काही मोडवत नाही," व्याही कौतुकानं म्हणाले. आणि मुकुंदराव सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं, हसत हसत म्हणाले, "रक्तातच आहे ते! हिच्या वडिलांचा जन्म लोकांच्या पानांत वाढण्यात गेला. आज बसलेत खरे, पण बघा, हात कसे शिवशिवतायत."

दोघंतिघं हसलेही. दादांनी हातातला घास पानात ठेवला आणि ते उठले. लग्नघरातल्या वडीलधाऱ्या माणसानं भरल्या पानावरून उठणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. त्यानंतर ते लेकीच्या घरी पाणी प्यायलाही आले नाहीत, आणि चार वर्षांपूर्वी गेले तेही तसेच. त्यांच्या मयतीला मुकुंदराव दाराशी कोरडे उभे होते. मडकं बाहेर निघालं, तेव्हा त्यांनी कुणाला तरी विचारलं होतं, "चहा झाला का?"

विनयाबाईंनी तेही मनात मांडून ठेवलं.

पण खात्याची दुसरी बाजूही होती. मधल्या काळात, गेली सहा वर्षं म्हणा, मुकुंदराव बदलले होते. शेरे थांबले. जे वाढलं ते खायचे. ठकीकरवी काहीही विचारलं तरी उत्तर यायचं, "हो." तासन् तास खिडकीशी बसायचे, गरीब गाईसारखे. विनयाबाईंनी याचा एकच अर्थ लावला: माणूस वरमला. एकदा चुकून आंबलेलं वरण त्यांच्या पानात गेलं, तर त्यांनी वाटी चाटून पुसून संपवली. दुसऱ्यांदा ते चुकून गेलं नाही. विनयाबाईंना बघायचं होतं. दाराआडून त्यांनी पाहिलं. याही वेळी वाटी रिकामी झाली.

भजनी मंडळात त्यांनी ही हकीकत रंगवून सांगितली, तेव्हा टाळ खाली ठेवून बायका हसल्या होत्या. "विनयाताई, तुम्ही वर्गच काढा," उज्ज्वला कित्तूर म्हणाल्या. उज्ज्वलाबाई त्यांच्या शेजारी आणि मंडळाच्या पेटीवादक. "मनातून खजील झाला की माणूस असाच गिळतो सगळं."

माफ करायचं, असं विनयाबाई अलीकडे ठरवत होत्या. मात्र घाई नव्हती. जिंकलेल्या माणसाला घाई नसते.

*

त्या सकाळी त्या वडे तळत होत्या. "ठकी, त्यांना सांग, खायला या."

थोड्या वेळानं ठकी म्हणाली, "मुकुंदराव उत्तर देत नाहीत."

विनयाबाईंना त्यात नवीन काही वाटलं नाही. त्यांनी घाणा पूर्ण काढला. ठकी पुन्हा म्हणाली, "मुकुंदराव उत्तर देत नाहीत. जमिनीवर आवाज होतो आहे." तेव्हा त्या हात पुसत बाहेर आल्या. मुकुंदराव खुर्ची आणि भिंत यांच्यामध्ये पडले होते. हातपाय झटके देत होते, तोंडाला फेस होता.

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, त्यामुळे पुढचं भराभर झालं. संध्याकाळी डॉ. तहसीन मुजावर यांनी विनयाबाईंना आत बोलावलं. मेंदूच्या शस्त्रक्रिया करणारी ही मुलगी ऋचाहून थोडी मोठी असेल. हातात चहाचा कप, पायांत कापडी बूट.

"काकू, काकांना वास येत नाही, हे किती दिवसांपासून आहे?"

"वास येत नाही?"

"कॉफी, लवंग, फिनेल, काहीच येत नाही. घरी कधी म्हणाले नाहीत?"

"आमचं बोलणं नाही," विनयाबाई म्हणाल्या.

"म्हणजे वेगळे राहता?"

"नाही, एकाच घरात. अबोला आहे."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. या पिढीला भांडून वेगळं होणं समजतं, भांडून एकत्र राहणं समजावून सांगावं लागतं. विनयाबाईंनी समजावलं. अकरा वर्षं, हा आकडा एरवी त्या मान ताठ करून सांगत. इथे सांगताना आवाज आपोआप उतरला.

"बरं," तहसीन म्हणाल्या आणि त्यांनी पडद्यावर चित्र लावलं. कवटीच्या आत, कपाळाच्या मागे, मोठ्या लिंबाएवढा पांढरा गोळा होता.

"बाकी शरीरातली गाठ आणि डोक्यातली गाठ यांचे हिशेब वेगळे असतात, काकू. पोटात गाठ झाली तर तिला पसरायला जागा असते. इथे चहूबाजूंनी हाड. एक चमचा जरी वाढलं, तरी कुणाला तरी सरकावं लागतं, आणि इथे सरकतो तो मेंदू. दुसरं असं, की आपण विचारतो, गाठ साधी की कॅन्सरची? डोक्यात तेवढ्यानं भागत नाही. गाठीचा पत्ता विचारावा लागतो. साधी गाठ चुकीच्या जागी असली तर जीव घेते. आणि या गाठी सहसा दुसऱ्या अवयवात पसरत नाहीत. जे करायचं ते घरातच करतात."

"मग ही?"

"ही साधी आहे. काही गाठी मेंदूत अशा मुरतात, जशी दुधात साखर. त्या वेगळ्या काढताच येत नाहीत. ही तशी नाही. मेंदूवर जे आवरण असतं, त्यातून उगवलेली आहे, बाहेरून दाबत बसलीये. पण नाकाच्या वरच, वासाच्या नसांवर. आणि त्याच्या वर मेंदूचा पुढचा भाग. तिथे माणसाचा उत्साह असतो, बोलायची इच्छा, लगाम, लाज. अगदी ढोबळपणे सांगतेय हं. तो भाग हळूहळू दाबला गेला की दुखत नाही, कारण मेंदूला स्वतःला दुखणंच कळत नाही. माणूस फक्त गप्प होतो. घरच्यांना वाटतं, स्वभाव निवळला."

विनयाबाईंनी पदर घट्ट ओढून घेतला. खोलीत एसी होता, पण त्यासाठी नाही.

"उद्या 'मागोवा' करू," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणजे काकांचं काय काय परत येईल, याचा अंदाज येईल."

*

मागोवा म्हणजे काय, हे आता शेंबडं पोरही सांगेल, पण यंत्र आलं तेव्हा नवलाई होती. प्रत्येक पेशी दुभंगताना तिच्या गुणसूत्रांवर काही रासायनिक खुणा साठत जातात, झाडाच्या खोडात वर्षाची कडी पडावी तशा. गाठीचे सूक्ष्म तुकडे पाठीच्या कण्यातल्या पाण्यात सुटलेले असतात. ते थेंबभर काढून खुणा मोजल्या, की गाठ केव्हा जन्मली आणि कोणत्या वेगानं वाढली ते कळतं. मग यंत्र आजच्या मेंदूचं चित्र घेऊन गाठ उलट्या क्रमानं लहान करत नेतं, आणि कोणत्या वर्षी कोणती वळी दाबली गेली ते दाखवतं. सर्जनना ते हवं असतं, कारण थोडा काळ दबलेली वळी पुन्हा उभारी धरते, फार काळ दबलेली धरत नाही.

हे झालं डॉक्टरांचं. लोकांनी त्याचं काय केलं ते लोकच जाणोत. यंत्र येऊन दोन वर्षं झाली नाहीत तोच कोर्टात वकील विचारू लागले, "मृत्युपत्र गाठीआधीचं की नंतरचं?" लग्नं मोडलेल्या बायका जुन्या नवऱ्यांची तारीख काढायला सांगू लागल्या. सांगलीत एका गृहस्थानं सबंध भावकीला शिव्या देऊन ठेवल्या होत्या. मुलांनी त्याला मोठ्या आशेनं यंत्राखाली घातलं, तर डोकं अगदी स्वच्छ निघालं. घरात सुतक पडल्यासारखं झालं. आता भावकीला सांगायचं काय?

ऋचाचा फोन त्या रात्रीच आला. "आई, तारीख कळली का?"

"उद्या कळेल."

"लग्नाच्या आधीची निघू दे गं. माझ्या सासूबाईसुद्धा म्हणाल्या, डोक्यात गाठ असेल तर बोलणं धरून ठेवण्यात अर्थ नाही. आई, तसं झालं तर बाबांनी म्हटलेलं ते बाबांनी म्हटलेलंच नाही!"

विनयाबाई हो म्हणाल्या, आणि मग फोन ठेवून बसल्या. त्यांच्या मनात नाइलाजानं बेरजा सुरू झाल्या. तारीख लग्नाआधीची निघाली, तर दादांचा अपमान गाठीनं केला. म्हणजे आपण अकरा वर्षं एका आजारी माणसाशी बोललो नाही. तारीख नंतरची निघाली, तर बोलला तो नवराच, आणि वरमली ती गाठ. म्हणजे पश्चात्ताप झालाच नव्हता. आपण मंडळात मिरवला तो विजय एका लिंबाएवढ्या गोळ्याचा. कुठूनही बेरीज केली तरी उत्तरात आपलं नाक कापलेलंच येत होतं.

*

दुसऱ्या दिवशी तहसीननी पडद्यावर गाठ मागे मागे नेली. लिंबू, मग सुपारी, मग हरभरा.

"ही लग्नाच्या वर्षीची," त्या म्हणाल्या. विनयाबाईंनी लग्नाची हकीकत त्यांना सांगितली होती, पंगतीसकट.

"हरभऱ्याएवढी," विनयाबाई म्हणाल्या.

"कशालाच टेकलेली नाही. इथे मोकळी जागा आहे बघा."

"तारीख थोडी मागेपुढे होते ना? वर्तमानपत्रात होतं."

"होते. महिन्यांनी होते, वर्षांनी नाही." तहसीननी खुर्ची जवळ ओढली. "काकू, एवढ्याशा गाठीनं माणूस असं बोलत नाही. ते काकाच होते."

"आणि गप्प झाले ते?"

डॉक्टरांनी चित्र पुढे नेलं. हरभऱ्याची सुपारी झाली, सुपारीनं कपाळामागची एक वळी सपाट केली. "सहा वर्षांपूर्वी. वास त्याच्या थोडा आधी गेला असणार."

"मग वरण," विनयाबाई म्हणाल्या.

"वरण काय?"

त्यांनी आंबलेल्या वरणाचं सांगितलं. पहिल्या वाटीचं, आणि दुसऱ्या वाटीचंही. सांगायला नको होतं, पण समोरची मुलगी काहीच न बोलता ऐकत होती, आणि असं ऐकणारं माणूस फार धोक्याचं. बोलून झाल्यावर तहसीन म्हणाल्या, "त्यांना कळलं नसणार." हे त्या दिलासा म्हणून म्हणाल्या. विनयाबाईंना ते थोबाडीत बसल्यासारखं झालं.

"आता दोन रस्ते आहेत," डॉक्टर पुढे म्हणाल्या. "एक म्हणजे शस्त्रक्रिया. जोखीम आहेच, पण गाठ बाहेर आहे, निघेल. मग काका बरेचसे पूर्वीचे काका होतील. वास मात्र परत येणार नाही. दुसरा, वाढ रोखणाऱ्या गोळ्या. गाठ आहे तेवढी राहील, निदान काही वर्षं. फिट पुन्हा येऊ शकतात, डोळ्यांवर जाऊ शकतं. माझं मत शस्त्रक्रियेचं आहे."

"त्यांना विचारलंत?"

"विचारलं. म्हणाले, 'तुम्ही म्हणाल ते.' काकू, हे 'तुम्ही म्हणाल ते' हेच तर लक्षण आहे. म्हणून ठरवायचं तुम्हाला आहे."

विनयाबाईंच्या तोंडून ते निघून गेलं. "गोळ्या दिल्या तर ते असेच राहतील?"

"असेच म्हणजे?"

"असेच. शांत."

तहसीननी त्यांच्याकडे नीट पाहिलं. रागानं नाही, तेवढं तरी बरं. "काही दिवस असेच," त्या म्हणाल्या. "मग आणखी शांत."

*

उज्ज्वलाबाई डबा घेऊन दवाखान्यात आल्या होत्या. बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी सगळं ऐकलं आणि आपला निकाल दिला. "गोळ्या द्या हो सरळ. एवढा गुणी झालेला माणूस, पुन्हा कशाला उकरून काढता? आमच्या ह्यांना अशी एखादी छोटीशी गाठ मिळाली तर मी सत्यनारायण घालीन!"

एरवी विनयाबाई हसल्या असत्या. थोड्या वेळापूर्वीपर्यंत हेच वाक्य त्यांच्या स्वतःच्या मनात फिरत होतं, फक्त सत्यनारायण नव्हता. दुसऱ्याच्या तोंडून ते इतकं उघडं ऐकलं आणि अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

"उज्ज्वलाताई," त्या म्हणाल्या, "त्यांना लाज वाटलीच नव्हती. लाज जिथून वाटते तिथेच गाठ बसली होती. आणि मी दाराआडून बघत होते."

"तुम्हाला काय माहीत! तुमचा काय दोष?"

"वास येतो का, एवढं विचारायला बोलावं लागतं," विनयाबाई म्हणाल्या आणि उठल्या.

मुकुंदराव खाटेवर उशीला टेकून बसले होते. भिंतीकडे पाहत. टीव्ही बंद होता, तरी त्यांची नजर तिथेच होती. विनयाबाई स्टूल ओढून बसल्या. घसा खाकरला. अकरा वर्षांत या क्षणाची त्यांनी शंभर वेळा तालीम केली होती. पहिलं वाक्य त्यांचंच असेल, तो हात जोडून ऐकेल, वगैरे.

"अहो," त्या म्हणाल्या. "तुम्हाला वास येत नव्हता, तर सांगितलं का नाहीत?"

मुकुंदरावांनी मान वळवली. बायको बोलली, याचं आश्चर्य त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. "कुणी विचारलं नाही," ते म्हणाले. आवाज सपाट होता, पाटीवरून बोळा फिरवल्यासारखा. हा आवाज असा झालाय, हे विनयाबाई पहिल्यांदा ऐकत होत्या. सहा वर्षं ठकी त्याला मुंजीचं आमंत्रण करून पोचवत होती.

"मी तुम्हाला आंबलेलं वरण वाढलं. एकदा मुद्दाम वाढलं."

"बरं."

"मुद्दाम, अहो! बघायला की तुम्ही काय करता."

"बरं," मुकुंदराव म्हणाले. जरा विचार केल्यासारखे थांबले. "चहा मिळेल का?"

रागावले असते तर चाललं असतं, एखादा शेरा मारला असता तरी विनयाबाईंना आधार वाटला असता. कबुली द्यायला समोर कुणीतरी असावं लागतं. त्या चहा आणायला गेल्या, आणि चहाच्या आधी डॉक्टरांच्या खोलीत जाऊन सही करून आल्या.

रात्री ऋचाला त्यांनी फोनवर सांगितलं, "लग्नाच्या वेळी ती नुसती हरभऱ्याएवढी होती, कशाला टेकलीही नव्हती. बोलले ते बाबाच."

"तू खोटं सांगू शकली असतीस," ऋचा म्हणाली.

"हो."

"मग सासूबाईंना मी काय सांगू?"

"सांग, बोलली ती गाठ नव्हती, जीभ होती."

*

गाठ निघाली. दोनेक आठवड्यांनी मुकुंदरावांनी दवाखान्याच्या चहाचा घोट घेऊन कप परत केला. "रंग चहाचा, वृत्ती पाण्याची," ते म्हणाले. परिचारिका हसली. विनयाबाई हसता हसता थांबल्या आणि खिडकीकडे वळल्या. हा सूर त्यांनी ओळखला होता. हाच पंगतीत लागला होता.

घरी आल्यावर दिवसागणिक माणूस परत येत गेला. आधी वर्तमानपत्र, मग शेजाऱ्यांच्या गाडी लावण्यावर टीका, मग भाजीवाल्याशी वाद. पोळीवर शेरे सुरू झाले, पण चवीचे नाहीत, कारण वास नसल्यामुळे चव अर्धीच कळायची. आकाराचेच. मात्र गेली सहा वर्षं त्यांच्या लेखी धुक्यासारखी होती. काही ठळक गोष्टी आठवत, बाकी सांगाव्या लागत. धुक्याच्या पलीकडे लगेच ऋचाचं लग्न होतं, लख्ख, परवा झाल्यासारखं.

एका दुपारी ते जेवून उठले नाहीत. बोटानं टेबलावर रेघा ओढत बसले.

"दादांकडे एकदा जाऊन यायला हवं," ते म्हणाले. "तेव्हाच जायला हवं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ, ते मलाच कुठे येतात बोलवायला, असं करत राहिलो. मग काय झालं कळत नाही. जावंसंच वाटेना कुठे."

विनयाबाई ताटं उचलत होत्या. "दादा गेले," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"वारले. चार वर्षं झाली. तुम्हाला दवाखान्यातही सांगितलं होतं मी."

मुकुंदरावांचं बोट थांबलं. सांगितलेलं आठवत असावं, पण तेव्हा ते आत पोचलं नसावं. आता पोचलं, हे विनयाबाईंना समोर दिसलं.

"मी होतो?"

"होतात."

"काही बोललो?"

विनयाबाईंना खोटं सांगता आलं असतं. पण खोटं सांगायचा काळ कधीच निघून गेला होता. "चहा झाला का, असं विचारलंत."

मुकुंदरावांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कपाळावरची शस्त्रक्रियेची रेघ बोटांमधून दिसत होती. पूर्वी हा माणूस रागावला की उठून जायचा. आज उठला नाही. खांदे हलत राहिले, नाक ओढल्याचा आवाज येत राहिला, आणि मधूनच, "पंगतीत... पंगतीत बसलेला माणूस, विनया... कुणी उठवतं का?"

अकरा वर्षं विनयाबाईंनी याच दृश्याची वाट पाहिली होती. मनात ते नेहमी भरल्या घरात व्हायचं, भजनी मंडळासमोर, ऋचाच्या सासरच्यांसमोर. प्रत्यक्षात झालं ते खरकट्या टेबलावर, आणि त्यांना बघवेना. समाधान कुठेच नव्हतं. हे या माणसाला सहा वर्षं वाटूच शकलं नव्हतं, आणि त्याआधीची पाच वर्षं, जेव्हा वाटू शकलं असतं, तेव्हा वाट करून द्यायला घरात एक शब्द नव्हता. त्या शब्दाच्या वाटेत जसा त्याचा ताठा उभा होता, तसा आपलाही होता.

"त्या वरणाचंही आठवतंय," मुकुंदराव हातांमागून म्हणाले. "तू सांगितलेलं. तेव्हा काही वाटलं नाही. परवापासून आठवतंय."

विनयाबाईंच्या हातातलं ताट टेबलावर टेकलं.

मुकुंदरावांनी हात खाली घेतले. चेहरा ओला, लाल, त्यांच्या वयाला न शोभणारा. "वाढलंस ते बरोबरच होतं, असं काही मी म्हणणार नाही," ते म्हणाले. जीभ परत आली होती, यात शंका नव्हती. "पण तुला पुन्हा बोलणं बंद करायचं असेल, तर कर. या वेळी मला कळेल."

विनयाबाई गप्प राहिल्या. काय बोलावं ते सुचेना, म्हणून नुसत्या गप्प राहिल्या. एरवीच्या घरात माणसं अशी दिवसातून दहादा गप्प होतात. पण समोर मुकुंदराव त्यांच्या तोंडाकडे बघत होते, श्वास धरून, आणि त्यांचा चेहरा क्षणाक्षणाला उतरत होता. विनयाबाईंच्या लक्षात आलं, की या घरात आपल्याला साधं गप्प राहण्याचा हक्कच उरलेला नाही.

"अहो, तसं नाही," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "तसं नाही हो. मी विचार करत होते. म्हणजे भाजी काय करायची संध्याकाळी, कारलं आणलंय उज्ज्वलाताईंनी, त्यांच्या परसातलं, तुम्हाला आवडत नाही माहितीये मला, पण गूळ घालून करीन. आणि ऋचा येतीये सुट्टीत, तिला आंब्याची डाळ... आणि दादांचा फोटो आहे माझ्याकडे, कपाटात आहे, कधी लावलाच नाही मी, तुमच्यासमोर लावायचा नाही असं ठरवलं होतं, कुठल्या भिंतीवर लावायचा ते तुम्ही सांगा, आणि नळाचं वायसर गेलंय, आणि..."

मुकुंदराव रडता रडता ऐकत होते. विनयाबाईंना थांबायची भीती वाटत होती, म्हणून त्या बोलतच राहिल्या.